सतरा नंबरची इंपाला

एका व्हीलकॅपवरून दोन तास भांडणारी मोठी माणसं पाहायची असतील, तर रविवारी सकाळी मिस्त्रीच्या गॅरेजात या. आम्ही तिथं जमतो. आम्ही म्हणजे जुन्या अमेरिकन गाड्यांच्या मागे लागलेले आठ-दहा जण. गाड्या त्या अजस्र, लांबलचक, गल्लीत वळवताना तीनदा मागेपुढे कराव्या लागतात त्या. त्यातही आमचा जीव एकाच मॉडेलवर जडलेला: एकोणीसशे एकोणसाठची इंपाला. मागे पंखासारखा आडवा पसरलेला पत्रा आणि त्याखाली मांजरीच्या डोळ्यांसारखे दिवे. किती बनल्या ते कंपनीला ठाऊक. किती उरल्या ते आम्हाला ठाऊक, म्हणजे मला, कारण वही माझ्याकडे असते.

वहीत एकेचाळीस गाड्या आहेत. सव्वीस इथल्या, पंधरा परदेशातल्या. वाहन नोंदणीच्या ऑफिसात रेकॉर्ड रूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. रंग बदलतो, इंजिन बदलतं, मालक तर कपड्यांसारखे बदलतात. नंबर तेवढा बदलत नाही, हे मी तिथं शिकले. त्यामुळे वही हातात आली त्या दिवशीच मी नियम केला. पुढच्या दाराच्या खांबावर दोन रिव्हेट मारून बसवलेली नंबरची पट्टी असते. ती आपल्यापैकी कुणी डोळ्यांनी वाचली पाहिजे, तिचा फोटो आला पाहिजे, तरच गाडी जिवंत. पट्टी नाही तर नोंद नाही. मग तुम्ही कितीही गळा काढा.

नियम कडक आहे म्हणून माझ्यामागे मला काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत.

या एकेचाळिसातली सतरा नंबरची गाडी माझ्या मामाची. मामाची म्हणजे त्याच्या मालकीची नव्हे, त्याला कोण देतंय. मामा एका सर्जनकडे ड्रायव्हर होता. एकोणीस वर्षं त्याने ती गाडी चालवली आणि त्या एकोणीस वर्षांत मामीकडे पाहिलं नसेल इतकं तिच्या बॉनेटकडे पाहिलं. मी शाळेत असताना सकाळी साहेबांच्या बंगल्यावरून जायचे. साहेब ऑपरेशनला निघायच्या आधी मामा मला चौकापर्यंत सोडायचा, पण फुकट नाही. हातात पिवळं फडकं द्यायचा आणि म्हणायचा, "काच पूस, मग बस." मी आतून समोरची काच पुसायचे, तो बाहेरून बोटाने राहिलेले डाग दाखवायचा. एवढी मोठी काच मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

आता मामा त्र्याऐंशीचा आहे आणि त्याच्या डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय. समोरचं धुरकट, कडेचं स्वच्छ. त्यामुळे तो तुमच्याशी बोलताना मान वळवून तिरका बघतो, नव्या माणसाला वाटतं म्हातारा रागावलाय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वर्ष संपेपर्यंत कडेचंही जाईल. मामाने घरी येऊन चपला काढल्या, पलंगावर बसला आणि मला म्हणाला, "तुझ्या त्या वहीत माझी गाडी आहे ना? दिसतंय तोवर एकदा तिच्या स्टिअरिंगवर बसायचंय. बाकी काही नको." त्याने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली, काच पूस.

तर ती गाडी मी त्याआधी सहा वर्षं शोधत होते आणि ती नुकतीच सापडली होती. सर्जनसाहेब गेले, मुलाने गाडी विकली, घेणाऱ्याने एका बांधकामवाल्याला दिली, आणि पुढे माझ्याच ऑफिसच्या एका फायलीत गाडी परदेशी नेण्याचा परवाना सापडला. चेसिस नंबर, तारीख, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. कागदावर गाडी देशाबाहेर गेली होती. मग परदेशातला आमचा माणूस कामाला लावला. तो निवृत्त पोस्टमन आहे, इथून तिकडे जाऊन स्थायिक झालेला, घरोघर फिरायची सवय अजून सुटलेली नाही. त्याने दोन वर्षं पायपीट केली आणि एक दिवस पट्टीचा फोटो पाठवला. मी आकडे चार वेळा जुळवले. तीच. त्या दिवशी वहीत सतराव्या ओळीत मी 'जिवंत' असं लिहिलं आणि अक्षर थोडं वाकडं आलं.

मामाला विमानात बसवणं शक्य नव्हतं, डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. निदान व्हिडिओवर दाखवू, असं ठरलं. पुढे तिकडच्या मालकाने नाकी नऊ आणले. आधी म्हणाला, गाडी पॉलिश करून मग दाखवीन. मग त्याची मुलगी बाळंत झाली. मग पॉलिश उतरलं. पोस्टमन बिचारा दर आठवड्याला दारात जाऊन उभा. इकडे मामा रोज सकाळी दाढी करून तयार आणि संध्याकाळी मला विचारणार, "आज नाही ना? बरं." त्या 'बरं'चा मला इतका राग यायचा की एकदा मी त्याच्यासमोर फोन आपटला.

शेवटी दिवस मिळाला. आमच्यात एक दंतवैद्य आहेत, आम्ही त्यांना दातवाले म्हणतो. आमच्या मंडळीत चालू स्थितीतली इंपाला असलेला एकटाच माणूस, आणि त्याची ते आम्हाला दर रविवारी आठवण करून देतात. त्यांच्या दवाखान्यात दातांचे फोटो दाखवायचा मोठा पडदा आहे, तिथं मामाला पेशंटच्या खुर्चीत बसवलं. मिस्त्री मागे उभा राहिला. पडद्यावर गाडी आली: क्रीम रंगाची, आरशासारखी चकचकीत. पूर्वी ती फिकट निळी होती, पण रंगाचं काय एवढं. पोस्टमन फोन घेऊन गाडीभोवती हळूहळू फिरला.

मामाने मान वळवली, डाव्या डोळ्याच्या कडेने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे. पण ही नव्हे."

दातवाले हळूच हसले. मी म्हटलं, "मामा, रंग बदललाय."

"रंगाचं कोण बोलतंय? त्याला सांग, डॅशबोर्डच्या खाली हात घाल. साहेब बसायचे त्या बाजूला. तिथं दोन भोकं आहेत. साहेबांची औषधांची बॅग टांगायला हूक लावला होता मी. आणि त्या दोघांच्या शेजारी पितळी स्क्रू. तिसरं भोक चुकून पडलं होतं, साहेबांना कळू नये म्हणून त्यात स्क्रू पिळून टाकला. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

पोस्टमनने हात घातला, टॉर्च घातला, शेवटी स्वतःचं डोकं घातलं. भोक नाही, स्क्रू नाही. पत्रा सपाट.

"बदलला असेल डॅशबोर्ड," दातवाले म्हणाले.

"त्या गाडीचा डॅशबोर्ड बदलता येत नाही, दातवाले. तो बॉडीचाच भाग असतो," मिस्त्री पुटपुटला, पण त्याचं ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं.

आणि मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. सहा वर्षांचा सगळा वैताग त्या म्हाताऱ्यावर निघाला. म्हटलं, "मामा, नंबर जुळतोय. कागद जुळतायत. जगात त्या नंबरची एकच गाडी आहे आणि ती ही आहे. तुला आता समोर बसलेली मी नीट दिसत नाही आणि तू पडद्यावरची गाडी ओळखतोस?"

मामा खुर्चीतून उठायला धडपडला, ती खुर्ची मागे कललेली असते. मिस्त्रीने त्याला हात दिला. "असेल बाबा," मामा म्हणाला. "नंबर काय खोटं बोलणार." घरी जाताना रिक्षात तो काठी दोन्ही हातांनी धरून बसला. पोरीने म्हाताऱ्याला त्याच्या डोळ्यांवरून बोलावं, इतकी मी वाया गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दाढी करणं सोडलं. जेवायला वाढलं तर जेवायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. गाडीचा विषय नाही. मला तेच लागलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

निदान दुसऱ्या कुठल्या तरी इंपालात बसवू म्हणून मी दातवाल्यांना फोन केला. ते तयार झाले, पण अटी किती. मामांच्या कपड्यांना तेल नको. काठी आत न्यायची नाही. स्टिअरिंगला हात लावायला हरकत नाही, पण आधी धुऊन. "ताई, ते ओरिजिनल स्टिअरिंग आहे, तुम्हाला माहीतच आहे, किती मुश्किलीने मिळालं." मी हो हो म्हटलं. मनात काय म्हटलं ते सांगत नाही.

रविवारी दहाला मामाला घेऊन गॅरेजात गेले. दातवाले अकरापर्यंत आले नाहीत. बाकीचे व्हीलकॅपवर भांडत होते. मामा थोडा वेळ बाकावर बसला, मग मिस्त्रीला मोरी कुठे विचारून काठी टेकत मागच्या अंगणात गेला.

मागच्या अंगणात काय आहे ते आधी सांगायला हवं. तिथं एक सांगाडा उभा आहे. अकरा वर्षांपूर्वी मिस्त्रीने भंगारवाल्याकडून आणलेला. तोही त्याच मॉडेलचा, अंगभर गंज, त्यावर कुणी तरी फासलेला तांबडा प्रायमर, आणि दाराच्या खांबावर पट्टीच्या जागी दोन रिकामी भोकं. पट्टी नाही, म्हणजे नियमाप्रमाणे नोंद नाही. आम्ही त्याला 'कोठार' म्हणतो. कुणाच्या गाडीला काही लागलं की कोठारातून काढायचं. पण मी असताना अंदाधुंदी कशी चालेल? म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मी 'सुटे भाग' असा मथळा टाकला. कोणता भाग, कुणाला, कधी, आणि खाली माझी सही. पहिली नोंद समोरच्या काचेची. मग मागचे दिवे. मग पुढची सीट. स्टिअरिंग पाचवं. अकरा वर्षं मी त्या सांगाड्याला टेकून उभी राहते, कारण अंगणात फोनला रेंज चांगली येते. पोस्टमनशी सगळं बोलणं मी तिथूनच केलंय.

मामा बराच वेळ आला नाही म्हणून मी मागे गेले. मोरीचं दार उघडंच होतं, आत कुणी नव्हतं. मामा कोठारापाशी वाकला होता, काठी जमिनीवर पडलेली, डावा हात दाराच्या चौकटीतून आत, खांद्यापर्यंत. मला वाटलं चक्कर आली.

"मामा, काय झालं?"

"ये इकडे. हात दे."

त्याने माझा हात धरून डॅशबोर्डच्या खाली नेला. गंजलेला पत्रा, कोळ्याचं जाळं, आणि मग बोटाला एक भोक लागलं. त्याच्या पुढे दुसरं. त्याच्या शेजारी एक गुळगुळीत, गोल डोकं. मी वाकून पाहिलं. बाकी सगळं तांबडं-काळं आणि मधोमध एक पिवळा पितळी स्क्रू.

मी हात काढला नाही. काढून करायचं काय होतं?

"अंधारातसुद्धा सापडला असता," मामा म्हणाला. "डोळे लागतच नाहीत त्याला." त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. त्याने टपाच्या पत्र्यावरून हात फिरवला, मग जिथं मागचं दार असायचं तिथं फिरवला, आणि हात हवेत गेला. "दार काढलं वाटतं."

"हो."

"सीट पण नाही."

"नाही."

"कुणी काढलं सगळं?"

मला खोटं बोलता आलं असतं. भंगारवाल्याने म्हटलं असतं तरी चाललं असतं. "आम्ही," मी म्हटलं. "मी सही करून दिलं एकेक."

तोपर्यंत मिस्त्री येऊन उभा राहिला होता. त्याने आत हात घालून पाहिला आणि कपाळाला हात लावला. मी त्याच्यावर उसळले, पट्टी नसलेली गाडी भंगारात आली तेव्हा ती कुठे गेली हे विचारलं का नाहीस म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "पट्टी आणि कागद वेगळे विकतात ताई. तिकडे एखाद्याकडे बिनकागदाची गाडी असते, तिला ही पट्टी ठोकली की ती कायदेशीर. भंगारवाला तेव्हाच म्हणाला होता, पट्टी परदेशी गेली. मी तुम्हाला सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, बिनपट्टीच्या गाडीची गोष्ट माझ्यासमोर काढायची नाही."

म्हणाले असेन. नक्कीच म्हणाले असेन. माझा आवाजही ऐकू आला मला.

सहा वर्षं मी एका पत्र्याच्या पट्टीमागे जगभर फिरले आणि गाडी पाठीशी होती. गाडी हरवली नव्हती, तिला आम्ही रविवारी रविवारी खात होतो. आणि खाताना वहीत लिहीत होतो, सुवाच्य अक्षरात.

एवढ्यात दातवाले पोचले. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली. सगळं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं, ते मी मान्य करते. पण माणसाची सवय जात नाही. "फार वाईट झालं हो," ते म्हणाले. "पण ताई, वहीत मात्र तुम्हाला बदल करता येणार नाही. पट्टी कुठाय? नियम तुमचाच आहे."

मग मामाने विचारलं, अगदी सहज, जसं कुणी घरात चष्मा शोधतं तसं, "स्टिअरिंग कुठं असेल गं तिचं?"

"दातवाल्यांच्या गाडीत," मी म्हटलं.

व्हीलकॅपवाले दोघं व्हीलकॅप हातात घेऊन दारात उभे होते. मिस्त्री आत गेला आणि स्टिअरिंग उपटायचं पुलर घेऊन बाहेर आला. सरळ दातवाल्यांच्या गाडीकडे चालू लागला.

"अहो, थांबा," दातवाले म्हणाले. "थोडा विचार करू. ते माझ्या गाडीत व्यवस्थित बसलंय. मी घरी कसा जाऊ?"

"रिक्षाने," मी म्हटलं. "पाचवी नोंद, माझी सही आहे. दिलं मी, परत घेतेय मी. वही आणू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. मग किल्ली मिस्त्रीच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हॉर्नची वायर जपून काढा." एवढं सांगून ते बाकावर जाऊन बसले. त्यांच्याबद्दल मी जे बरंवाईट बोलते, त्यातलं थोडं त्या दिवशी कमी केलं.

काम अर्ध्या तासाचं होतं. सांगाड्यात स्टिअरिंगचा दांडा जागेवर होता, कारण दांडा कुणाला लागला नव्हता. मिस्त्रीने गंज घासला, तेल सोडलं, स्टिअरिंग चढवलं आणि नट आवळला. सीटच्या जागी तेलाचा उपडा डबा ठेवला, त्यावर स्वतःचा स्वेटर घडी करून टाकला. आम्ही दोघांनी धरून मामाला आत बसवलं. गुडघे आधी दाराच्या चौकटीला अडले, मग त्यांना आपली जागा आठवली आणि ते आत गेले.

मामाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. खाली चाकं नाहीत, त्यामुळे ते भलतंच हलकं फिरलं. तो हसला. "साहेब असते तर म्हणाले असते, पॉवर स्टिअरिंग बसवलंस का रे." पाठ ताठ केली. हनुवटी जरा वर उचलली. मी शाळेत असताना तो गाडी सुरू करायच्या आधी तसाच बसायचा. मी बाहेर उभी होते, हातात ती वही, बंद.

"उभी का?" तो म्हणाला. मान माझ्याकडे वळवून तिरका नाही, सरळ पुढे बघत. "समोरचं काही दिसत नाही. काच पूस, मग बस."

त्या गाडीला गेली अकरा वर्षं काच नव्हती. पहिली नोंद. मी मिस्त्रीकडे पाहिलं, तो खाली बघत होता. मामा वाट बघत होता.

मी वही जमिनीवर ठेवली. मिस्त्रीच्या खांद्यावरचं फडकं घेतलं, पुढे गेले, आणि त्या रिकाम्या चौकटीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसत राहिले. मामाने बोट उचलून वरचा उजवा कोपरा दाखवला. तिथं राहिलं होतं. मी तेही पुसलं.

"आता?" मी विचारलं.

"आता ठीक आहे," मामा म्हणाला. "बस."

मी पलीकडून गेले आणि त्याच्या शेजारी, जिथं साहेब बसायचे तिथं, नुसत्या पत्र्यावर बसले.